आधी डबी मागा

बोरीचा बाजार असला की ओपीडीला उसंत नसते. अशाच गर्दीत एक मावशी काठी न टेकता आत येतात. दोन वर्षे गुडघ्यांनी बेजार झालेल्या. "लेकानं मोबाईलवर बघून पूड मागिवली, डॉक्टरसाहेब. तिसऱ्या दिशी मोकळी झाले बघा!" चेहरा मात्र गोल भरलेला, पायांवर सूज, आणि कधी नव्हती ती साखर वाढलेली. पिशवीतून डबी निघते. तिच्यावर हिरवे पान, खलबत्ता आणि 'शंभर टक्के नैसर्गिक'.

जिंतूर तालुक्यातली ही मावशी आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात कधी ना कधी येऊन गेली आहे. जुनाट संधिवात चूर्णाने तीन दिवसांत हटत नाही, हे वैद्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून गुण झटपट आला, तिथेच आपल्या मनात पाल चुकचुकली पाहिजे. सांधेदुखीवर ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 'आर्ट्री किंग'मध्ये डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये दिला होता. लेबलावर दोहोंचा पत्ता नव्हता. वनस्पतीच्या नावाखाली स्टेरॉइड विकण्याची ही रीत आपल्याकडेही नवी नाही.

अशा वेळी दोन चुका होतात. पहिली, रुग्णाला फैलावर घेणे. पुढच्या खेपेला तो डबी घरीच ठेवून येतो. दुसरी चूक जिवावरची. पूड 'आजच बंद करा' असे सांगणे. महिनोन्‌महिने स्टेरॉइड पोटात गेले असेल तर अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. औषध अचानक तोडले की रक्तदाब कोसळू शकतो. फिजिशियनशी बोलून, तपासण्या करून, टप्प्याटप्प्यानेच सोडवावे.

मग डबी नीट वाचावी. आयुर्वेदिक औषधावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलाच पाहिजे. नुसता चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल तर तो खाद्यपदार्थ आहे; त्याला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. आणि परवाना खरा निघाला, तरी तो दाव्याचा पुरावा नव्हे.

आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी सक्तीची करणारा नियम 170 वगळण्यावरून न्यायालयात बरेच रण माजले. त्यातून आता जाहिरातींना रान मोकळे, असा काहींचा समज झाला. तसे नाही. 1954 चा औषधे व जादुई उपचार कायदा जागेवर आहे. त्याच्या अनुसूचीत 54 विकार आहेत. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, मोतीबिंदू आणि संधिवातही. हे विकार बरे करतो अशी जाहिरात करणे हाच गुन्हा. पुडीत भेसळ सापडायची वाट पाहायची गरज नाही. जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट, पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, पैसे दिल्याची पावती आणि डबीचे चारही बाजूंनी फोटो, एवढे जमवून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावे. आयुष मंत्रालयाने मे 2025 मध्ये सुरू केलेल्या 'आयुष सुरक्षा' पोर्टलवरही तक्रार करता येते. पैसे लुबाडले गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करावा.

आता घरचे झाकलेले माणिक. या जाहिरातींत स्टेथोस्कोप अडकवून बोलणारे सगळेच नट नसतात. काही आपलेच पदवीधर असतात; काहींना वाटते, नुसता व्हिडिओच तर केला. पण मावशींनी विश्वास ठेवला तो पुडीवर नव्हे, आपल्या पदवीवर. बाहेरच्यांनी आयुर्वेदाला नावे ठेवली की आपण पेटून उठतो. त्याच्या नावावर स्टेरॉइड विकणाऱ्याविरुद्ध किती जणांनी एक अर्ज केला?

मावशी उठताना विचारतात, "मग ही डबी उकिरड्यावर टाकू का?"

नको, मावशी. ती इथे टेबलावर ठेवा. तिच्यावरचा पत्ता उतरवून घ्यायचा आहे.