“पोलीस केस आहे, पुढे न्या” हे वाक्य आता बंद झाले पाहिजे

नगर-मनमाड रस्ता आपल्या कोल्हारमधूनच जातो. त्यामुळे अपघात कसा असतो, हे इथल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ऊस भरलेली ट्रॉली, त्यामागे रात्रीच्या अंधारात येणारी मोटारसायकल, रस्त्यावर पडलेला माणूस आणि भोवती जमलेली गर्दी. कोणीतरी त्याला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेतो आणि दारातच ऐकू येते, “ही पोलीस केस आहे. आम्ही हात लावत नाही. पुढे न्या.”

मी स्वतः डॉक्टर आहे आणि तरीही स्पष्ट सांगतो, हे वाक्य बेकायदेशीर आहे. ते आमच्या व्यवसायाला काळिमा फासणारेही आहे.

आधी कायदा पाहू. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवले. जवळच्या रुग्णालयाने त्याला वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितले, कारण पोलीस केस तिथेच घेतल्या जात. तो वाटेतच गेला. या बातमीवरून परमानंद कटारा यांनी याचिका केली आणि 28 ऑगस्ट 1989 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जखमी निर्दोष असो की गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. डॉक्टर सरकारी असो की खासगी, त्याने फरक पडत नाही. पोलिसांचे कागद नंतर होतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येही हेच आहे. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ याबाबत शंकेला जागाच नाही. तरीही ते वाक्य ऐकू येतेच.

काही डॉक्टरमित्र म्हणतात, “कोणता रुग्ण घ्यायचा हे ठरवायचा हक्क आम्हाला आहे.” आहे, पण अर्धाच. वैद्यकीय व्यावसायिकांची 2002 ची आचारसंहिता डॉक्टरला रुग्ण निवडण्याची मोकळीक देते आणि लगेच सांगते की तातडीच्या प्रसंगी मदतीची हाक आली तर धावले पाहिजे. पहिले वाक्य पाठ आणि दुसरे विसरले, असे चालत नाही.

दुसरी सबब म्हणजे “लहान दवाखाना आहे, सोय नाही.” मान्य. कोल्हारच्या प्रत्येक दवाखान्यात ऑपरेशन थिएटर कुठून असणार? पण रक्त वाहत असेल तर दाबून पट्टी बांधायला थिएटर लागत नाही. श्वासनलिका मोकळी करणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे, सलाईन लावणे, 108 ला फोन करणे, पुढच्या रुग्णालयाला आधी कळवणे, काय केले ते वेळेसह चिठ्ठीवर लिहून देणे, एवढे जमतेच. याला रेफर करणे म्हणतात. दारातून परत पाठवणे हे रेफर करणे नव्हे, ते हाकलणे आहे.

तिसरी सबब भीतीची. “हात लावला आणि दगावला तर आमच्यावर केस.” इथे आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला बघा. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत इथे एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्याला आणल्यावर भूल न देता, जोर लावून हाड बसवले गेले आणि त्याच दिवशी तो गेला. वडील न्यायालयात गेले. त्यांना मंजूर झालेली भरपाई 3,000 रुपये होती आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला 1968 साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. जोशी विरुद्ध गोडबोले या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: रुग्ण घ्यायचा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणे आणि तो काळजीपूर्वक देणे. न्यायालयाने रुग्ण बरा होण्याची हमी मागितलेली नाही, वाजवी काळजी मागितली आहे. पुढे 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने तर साध्या चुकीला गुन्हा ठरवता येणार नाही, असे सांगून डॉक्टरांना संरक्षणच दिले. तेव्हा प्रामाणिकपणे प्रथमोपचार करणाऱ्याने कायद्याला घाबरायचे कारण नाही. घाबरावे ते दार लावून घेणाऱ्याने.

आणि हा प्रश्न फक्त लहान गावातला नाही. मार्च 2025 मध्ये पुण्यातल्या एका नामांकित धर्मादाय रुग्णालयाने जुळ्यांच्या गर्भवतीकडे आधी दहा लाख रुपये अनामत मागितली, असा आरोप कुटुंबीयांनी केला. दुसरीकडे प्रसूती झाल्यावर ती आई दगावली. राज्यभर संताप उसळला, तेव्हा तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचे त्या रुग्णालयाने जाहीर केले. धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी मिळून वीस टक्के खाटा ठेवायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्येच मंजूर केली आहे. एका आईचा जीव जाईपर्यंत हे कोणाला आठवू नये?

आता तुमचे काम. असा प्रसंग आलाच तर भांडत बसू नका, तीन गोष्टी मागा: प्रथमोपचार, वेळ लिहिलेली रेफरची चिठ्ठी आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक दवाखान्यात लावलेला असलाच पाहिजे. रुग्ण दाखल झाला असेल तर मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे मिळाली पाहिजेत. नकार मिळाला तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

एक मात्र कधीच करू नका. डॉक्टरच्या अंगावर जाऊ नका, काचा फोडू नका. 2010 च्या राज्य कायद्याने तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय एका दवाखान्याच्या काचा फुटल्या की आजूबाजूचे चार दवाखाने पुढच्या जखमीला दारातूनच परत पाठवतात. त्याची किंमत तुमच्याच गावातला कोणीतरी मोजतो.

आणि रस्त्यावर जखमी दिसला तर थांबा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. तुम्ही त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत आणा. दार उघडणे हे आमचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.