कुत्र्याच्या लशीची आठवण कोण करून देणार?

नवेगावबांध परिसरातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात गेलात, तर दावणीच्या गायीच्या कानात पिवळा बिल्ला दिसेल. त्यावरच्या बारा अंकी क्रमांकावरून ती गाय कोणाची, तिला लाळ-खुरकुताची लस केव्हा टोचली, हे संगणकावर पाहता येते. त्याच अंगणात एक कुत्राही असतो. तो धानाची राखण करतो, गुराख्याबरोबर रानात जातो, मोहफुले वेचायला निघालेल्या बायांच्या पुढे धावतो आणि संध्याकाळी मुलांशी खेळतो. त्याला रेबीजची लस केव्हा दिली, असे विचारले तर नेमके उत्तर मिळणे कठीण. घरात कुत्र्यावर माया नसते असे नाही, पण त्याची नोंद कोणाच्याच वहीत नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न देशभर गाजला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्र्यांना निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला. नसबंदी, जंतनाशक आणि लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडावे. पिसाळलेल्या व आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडू नये, असे ठरले. त्यावरची चर्चा मुख्यतः कुत्र्यांना कुठे ठेवायचे याभोवती फिरली. कुत्र्यापर्यंत सुई घेऊन जाणार कोण आणि पुढच्या मात्रेची आठवण ठेवणार कोण, हा प्रश्न मागे पडला. खेड्यात तर खरा प्रश्न तोच आहे.

ब्रिटनमध्ये या कामासाठी पशुपरिचारिकेचे वेगळे पद आहे. तिथे १९६१ पासून प्रशिक्षित पशुपरिचारिका तयार होत आल्या आहेत. डॉक्टर रोगनिदान आणि शस्त्रक्रिया करतो. परिचारिका पिल्लाचे वजन करते, दात, कान, नखे तपासते, जंताच्या औषधाची मात्रा समजावते आणि डॉक्टरांच्या निर्देशानुसार लसही टोचते. लशीची तारीख जवळ आली की दवाखान्यातून मालकाला निरोप जातो. आजार टाळण्याचे काम असे बारीकसारीक आणि पुन्हा पुन्हा करावे लागणारे असते. एकट्या डॉक्टरच्या वेळेत ते बसत नाही.

आपल्याकडे पशुपरिचारिका असे नोंदणीकृत पद नाही. पण ते काम करू शकणारी माणसे आहेत. महाराष्ट्रात श्रेणी-२ चे पशुवैद्यकीय दवाखाने पशुधन पर्यवेक्षकांच्या भरवशावर चालत आले आहेत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार राज्य सरकार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली अशा प्रशिक्षित व्यक्तींना किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची मुभा देऊ शकते. शिवाय ‘उमेद’च्या बचतगटांतून तयार झालेल्या पशुसखी आहेत. शेळ्या-कोंबड्यांच्या निमित्ताने त्या घरोघरी जातात. पण या सगळ्यांचे काम मोजले जाते ते गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्यावर. कुत्रा दूध देत नाही, बाजारात विकला जात नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही.

हे हिशेबात न धरणे महाग पडते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या बहुतेक सर्व घटनांत विषाणू कुत्र्याकडूनच येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की परिसरातील निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर विषाणूची साखळी तुटते. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा भारताने २०२१ मध्ये जाहीर केला आहे.

वर्षातून एकदा, २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला शिबिर घेऊन हे ७० टक्के टिकत नाहीत. गावातल्या कुत्र्यांचे आयुष्य कमी असते. शिबिरानंतर काही महिन्यांत नवी पिल्ले जन्मतात, लस घेतलेली काही कुत्री मरतात आणि टक्का पुन्हा घसरतो. पिल्लांचे वेळापत्रक तर आणखी नाजूक. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीला पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लशीचा परिणामही रोखू शकतात. म्हणून डिस्टेंपर, पार्व्हो यांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. एकदा सुई टोचली म्हणजे झाले, हा समज इथेच घात करतो.

नवेगावबांधला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. याच जंगलात रानकुत्र्यांचे कळप आहेत. गावातला कुत्रा आणि रानकुत्रा एकाच कुळातले. डिस्टेंपरचा विषाणू दोघांनाही ग्रासतो आणि वाघ, सिंह, बिबट्यांपर्यंतही पोहोचतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीत या विषाणूने सुमारे एक हजार सिंह गेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांतील काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला होता. गुरांच्या मागे रानात जाणारा, वाघाने मारलेल्या जनावराजवळ फिरकणारा किंवा बिबट्याचे भक्ष्य होणारा कुत्रा हा गाव आणि जंगल यांच्यातला दुवा असतो.

मात्र इथे अतिशयोक्तीही नको. रशियाच्या अतिपूर्व भागातील वाघांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या डिस्टेंपरचा मुख्य साठा इतर वन्यप्राण्यांत असल्याचे दिसले. केवळ कुत्र्यांना लस देऊन ते वाघ सुरक्षित होणार नव्हते. तेव्हा कुत्र्यांचे लसीकरण केले की वाघांची काळजी मिटली, असे म्हणता येणार नाही. पण रेबीजबाबत चित्र स्वच्छ आहे आणि गावातल्या मुलांसाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

हे जमते, याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. तिथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी मिळून वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली, शाळांत मुलांना चावण्यापासून बचाव शिकवला आणि संशयित कुत्र्यांवर पाळत ठेवली. २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अहवालानुसार कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक घटना ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांचे मृत्यू थांबले. दरवर्षी तेच काम न कंटाळता करणारी, फोनवर प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेवणारी प्रशिक्षित पथके या यशाच्या मुळाशी होती.

नवेगावबांध परिसरात यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. लाळ-खुरकुताच्या लसीकरणासाठी पथक दारात येतेच. त्याच फेरीत, त्याच शीतपेटीत कुत्र्याची रेबीज लस असावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवण्याची व्यवस्था त्या पथकाकडे असतेच. पशुसखीने सुई टोचावी असे नाही. तिने गावातल्या कुत्र्यांची यादी ठेवावी, नव्या पिल्लांची खबर दवाखान्याला द्यावी आणि तारखेची आठवण घरी सांगावी. जंगलालगतच्या गावांसाठी वनविभाग आणि पशुसंवर्धन विभाग यांनी लशीचा खर्च वाटून घ्यावा. आणि कुत्रे हाताळणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची प्रतिबंधक लस आधीच मिळालेली असावी. ही शेवटची अट सोडली, तर रोग थांबवायला गेलेल्या माणसालाच आपण संकटात लोटतो.

घरच्यांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कुत्र्याचे लस-कार्ड मुलांच्या लसीकरण कार्डाजवळच ठेवा. जंताचे औषध वजन पाहूनच द्या. गोचीड मारण्यासाठी पिकावरचे कीटकनाशक कुत्र्याला कधीही चोळू नका; त्याने विषबाधा होते. डोळ्यांतून व नाकातून चिकट स्राव, खोकला, झटके अशी लक्षणे दिसली तर कुत्र्याला बांधून ठेवा, रानात नेऊ नका, लाळेला हात न लावता दवाखान्यात कळवा. कुत्रा चावला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि लशीच्या सर्व मात्रा पूर्ण करा. घरच्याच कुत्र्याने चावा घेतला असला तरी हेच करायचे.

गायीच्या कानातल्या बिल्ल्याने तिची लस चुकणार नाही अशी सोय सरकारने केली. ओसरीतल्या कुत्र्यासाठी बिल्ला नसला तरी चालेल, पण कोणाच्या तरी वहीत त्याच्या नावाची एक ओळ हवी.