मुलगा कुटुंब, मग मुलगी कोण?

राज्ये भांडली की बातमी होते. पण ती एका कराराने बांधली जातात तेव्हा बायांच्या वाट्याला काय येते, हे नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९च्या निवाड्यात वाचा. मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र या चार राज्यांत पाणी असे काटेकोर वाटले की महाराष्ट्राचे पाव दशलक्ष एकर-फूटही सुटले नाही. विजेचाही टक्का ठरला. बुडणाऱ्या माणसांचा हिशेब मात्र असा: सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. सज्ञान मुलीचा उल्लेखच नाही. विधवा आई कुटुंबप्रमुखावर 'अवलंबून'. पेरणारी, निंदणारी, मोहफुले वेचणारी बाई म्हणे अवलंबून!

पुढे काही सवलती वाढल्या, त्याही आंदोलनाच्या रेट्याने. मूळ व्याख्या तीच राहिली.

पाणीवाटपाचा फेरविचार ४५ वर्षांनंतर करता येईल, असे निवाड्यातच आहे. ती मुदत डिसेंबर २०२४मध्ये उलटली. राज्ये पुन्हा एकत्र बसली की 'शाश्वत विकास' हा शब्द येणारच. त्या बैठकीत पाण्याआधी कुटुंबाची व्याख्या काढायला लावा. उरलेल्या पुनर्वसनात मुलीला स्वतंत्र हक्क आणि सातबाऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावे हवीत. आणि हे मांडायला नंदुरबारच्या, बडवानीच्या बायाच समोर हव्यात, त्यांच्या वतीने बोलणारे साहेब नकोत.