दहा लाख नाकारणारी आई



मागच्या रविवारी वंदना आटोपल्यावर महिला मंडळाच्या एका ताईंनी आम्हाला विहाराच्या पायरीवरच गाठले. म्हणाल्या, "दादा, परभणीच्या सोमनाथच्या आईने दहा लाख का नाही घेतले? गरीब बाई. लेक तर परत येणार नव्हता." विचारणाऱ्या ताई चार घरची धुणीभांडी करून दोन मुले शिकवतात. दहा लाख म्हणजे किती, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. त्यामुळे चपला घालता घालता उत्तर देणे आम्हाला जमले नाही. ते आज येथे देतो.

हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे, तरी मुलाबाळांसाठी पुन्हा सांगतो. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्टेशनबाहेर बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका इसमाने मोडतोड केली. लोकांनी त्याला धरून पोलिसांच्या ताब्यात दिले. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. त्या बंदात दगडफेक झाली, जिल्हाधिकारी कार्यालयात तोडफोड झाली. हे आम्ही झाकून ठेवणार नाही, आणि त्याचे कौतुकही करणार नाही. पण त्यानंतर जे झाले, त्याला कायदा राखणे म्हणता येत नाही. पोलीस वस्त्यांत शिरले, घराघरांतून माणसे उचलली, बायाबापड्यांनी मारहाणीच्या तक्रारी केल्या. पन्नासच्या आसपास लोक धरले गेले. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वय ३५, वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी परभणीत राहणारा. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला तुरुंगातून इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी मृत घोषित केले. छातीत दुखू लागले होते, असे सांगण्यात आले.

शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय इस्पितळात झाले. तेथल्या डॉक्टरांनी प्राथमिक कारण लिहिले, ते असे की अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. त्यानंतर थोड्याच दिवसांत नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितले की, दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा सोमनाथने मारहाणीची तक्रार केली नव्हती, आणि त्याला श्वसनाचा जुना आजार होता. न्यायालयीन चौकशी जाहीर झाली आणि घरच्यांना दहा लाख रुपयेही जाहीर झाले.

"तक्रार केली नव्हती" या वाक्याशी आम्हाला थोडे थांबायचे आहे.

जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र बंद झाला, तेव्हा आमच्या वस्तीतलीही सात मुले उचलली गेली. आम्ही तेव्हा मंडळाचे चिटणीस. रात्री पोलीस ठाण्याबाहेर मुलांच्या आया डबे घेऊन बसलेल्या. डबा आत जात नव्हता आणि बाहेर कोणी काही सांगत नव्हते. सकाळी कोर्टात मुलांना उभे केले. मॅजिस्ट्रेट साहेबांनी नियमाप्रमाणे प्रत्येकाला विचारले, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? सातही जणांनी एकच उत्तर दिले, "नाही साहेब." आम्ही मागच्या बाकावर होतो. आम्हाला खरेच बरे वाटले. म्हटले, चला, पोरांना हात लागलेला नाही.

जामिनावर सुटून आल्यावर त्यांतला एकोणीस वर्षांचा पोरगा घरी पालथाच झोपला. आईने सदरा वर केला तेव्हा आम्हीही पाहिले. "अरे, मग साहेबांनी विचारले तेव्हा बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "काका, ज्यांनी मारले तेच मागे उभे होते. साहेब एकदा विचारणार आणि उठून जाणार. मला त्याच गाडीतून परत जायचे होते."

त्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात न्यायला हवे होते, डॉक्टरकडून जखमा लिहून घ्यायला हव्या होत्या. आम्ही ते केले नाही. पोराने भरतीचा फॉर्म भरला होता, पोलीस पडताळणीत अडकेल म्हणून आई हात जोडू लागली, आणि शिकलेसवरलेले आम्हीही मान डोलावून मोकळे झालो. तेल-हळद लावली, विषय मिटला. आम्ही बी. कॉम. झालेला कारकून माणूस, रोजच्या भाकरीला कागदच पुरवतो, आणि ज्या दिवशी कागदाची खरी गरज होती त्या दिवशी आम्ही एक ओळ लिहिली नाही. त्या पोराला आजही रस्त्यात समोरून येताना पाहिले की आम्हाला आधी त्याची पाठ आठवते.

आता त्या आईकडे पाहा. विजयाबाई सूर्यवंशी यांच्यापुढे दहा लाख होते. कायद्याने म्हणाल तर अशी मदत घेतली म्हणून तक्रार बुडत नाही. पण व्यवहारात काय होते, हे कोणत्याही कचेरीत बसलेल्या माणसाला विचारा. पैसे पोचले की फाइल थंडावते. येणारा जाणारा म्हणतो, मिळाले की तुम्हाला. त्या माउलीने पैसे नाकारले आणि आपल्या मुलाला मारणाऱ्यांवर गुन्हा नोंदवा, हे मागणे धरून ठेवले. कोठडीतल्या मृत्यूची जी दंडाधिकारी चौकशी कायद्याने व्हावी लागते, तिचा अहवाल राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला आणि त्यात पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा दाखल होईना. मग प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर विजयाबाईंच्या बाजूने उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे ३० जुलैला हस्तक्षेपास नकार मिळाला.

आम्ही दिवस मोजले. मृत्यूपासून खंडपीठाच्या आदेशापर्यंत २०१ दिवस. शिक्षा नव्हे, खटला नव्हे, फक्त गुन्हा नोंदवा एवढ्या आदेशासाठी! घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात आपली दहा माणसे गेली, तेव्हा आम्ही शाळकरी वयातून नुकतेच बाहेर पडलो होतो. त्या गोळीबाराबद्दल फौजदाराला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली. त्या मानाने २०१ दिवस कमीच, असे कोणी म्हणाले तर आम्ही भांडणार नाही.

आणि समाजाने काय केले? मोर्चे निघाले, बंद झाले. १७ जानेवारी २०२५ ला परभणीहून मुंबईच्या दिशेने लाँग मार्च चालू लागला. परभणीचे जुने कार्यकर्ते विजय वाकोडे सोमनाथच्या अंत्यविधीला गेले आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. सोमनाथ वडारांचा. पण संविधानासाठी गेलेला मुलगा कोणत्या जातीचा, हे वस्तीवस्तीतल्या शोकसभांतून कोणी विचारले नाही. आमच्या विहारात त्याच्या फोटोला हार घालणाऱ्या म्हाताऱ्या आजी "माझ्या नातवाएवढा गं" म्हणून रडत होत्या. हे आम्हाला भाषणांपेक्षा मोठे वाटले.

मात्र मोर्चा संपल्यावर आपण सतरंजी गुंडाळतो, ही आपली जुनी खोड. आत पडलेल्या पोराला वकील कोण देणार, जामीनदार कोण राहणार, त्याच्या घरचे राशन कोण भरणार, याचे उत्तर सभेत मिळत नाही. २०१८ साली जामिनासाठी आम्ही वस्तीत वर्गणी केली तेव्हा दोन पुढाऱ्यांचे फोन लागले नाहीत, आणि कचरा वेचणाऱ्या एका मावशींनी पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून दिली.

बऱ्याच गोष्टी तर फुकट मिळतात, त्या मागायच्या कशा ते ठाऊक नसते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे साधा अर्ज पुरतो. अटक केल्यावर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सांगून ठेवले आहे की, अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचे, आणि कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी घेऊनच. हे सारे ठाण्याच्या दारात आवाज न चढवता, तारीखवार लेखी मागायचे आणि पोच घ्यायची. पोच दिली नाही तर तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर करायचा. पावती गाथ्यासारखी जपायची.

ताईंना आम्ही हे सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, मला तर सही पण धड येत नाही. मी काय मागणार तिथं?"

म्हणून आम्ही दोनशे पानी वही आणली आहे. गुरुवारी संध्याकाळी साडेसातला विहारात महिला मंडळासोबत बसतो. रकाने आखून ठेवले आहेत, ते असे: नाव, वय, कोणी नेले, किती वाजता, कोण पाहत होते, वकील, डॉक्टर. शेवटचा रकाना आहे अंगावरच्या खुणा. पहिली ओळ आम्ही २०१८ ची लिहिली आहे, त्या पोराला विचारून. तो आता दोन मुलांचा बाप आहे. नाव लिहू का म्हटले, तर म्हणाला, "लिहा काका. भरती तर तशीही झाली नाही."