शेंगदाणा शेतकऱ्याचा, तारे कंपन्यांचे

झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूरच्या शेतकऱ्याची खरिपात मोठी भिस्त भुईमुगावर असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने भुईमुगाच्या शेंगांना क्विंटलमागे ७,२६३ रुपये हमीभाव जाहीर केला. म्हणजे किलोला ७२ रुपये आणि वर काही पैसे. सरकारी खरेदी केंद्रावर माल घेतला गेला तर हा भाव. एरवी मंडीत व्यापारी बोलेल तो. पुढे हाच शेंगदाणा शहरातील दुकानात चकचकीत वेष्टनात ‘एनर्जी बार’, ‘प्रोटीन बार’ म्हणून अवतरतो, आणि किलोभर शेंगांच्या हमीभावात असे एक-दोन बार मिळाले तर मिळाले. बुंदेलखंडात ज्याला गुळाची पट्टी म्हणतात आणि महाराष्ट्रात चिक्की, त्याच पदार्थाला कोट-टाय चढवून आरोग्याचा प्रचारक बनवले गेले आहे.

या प्रचारकाची खरी ओळख वेष्टनाच्या मागच्या बाजूस, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लपलेली असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत, असा कायदा आहे. पण साखर एकाच नावाने लिहिली तर ती यादीत अग्रस्थानी येईल. म्हणून तिचे तुकडे पाडले जातात: थोडी साखर, थोडे ग्लुकोज सिरप, थोडे इन्व्हर्ट सिरप, वर मधाचा एखादा थेंब. प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो आणि पहिल्या जागेवर शेंगदाणा किंवा ओट दिमाखाने विराजमान होतो. माल्टोडेक्स्ट्रिनची गोष्ट तर आणखी सोयीची. ते रक्तातील ग्लुकोज झपाट्याने वाढवते, पण रासायनिक व्याख्येनुसार ‘शर्करा’ ठरत नसल्याने साखरेच्या आकड्यात धरले जात नाही. शिवाय तेल पाहावे. नाव शेंगदाण्याचे आणि चरबी अनेकदा पामची! तेलबिया पिकवणारा शेतकरी हमीभावासाठी रांगेत उभा असताना देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामचाच असतो.

मध्यमवर्गीय आरोग्यपंडित मात्र येथे भलत्याच शत्रूवर तुटून पडतात. यादीत क्रमांक दिसला की विष, असा त्यांचा समज. ३२२ हा क्रमांक लेसिथिनचा आहे. ते सोयाबीनमध्येच असते आणि त्याने कोणाचे बिघडत नाही. उलट गूळ लिहिला की ते निर्धास्त होतात. गूळ ही देखील साखरच आहे, हे घरच्या चिक्कीबद्दलही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक इतकाच की चिक्की विकणारा फेरीवाला तिला औषध म्हणून विकत नाही.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये वेष्टनाच्या दर्शनी भागावर तारे छापण्याचा मसुदा आणला. त्याची रीत चित्रगुप्ताच्या वहीसारखी आहे. ऊर्जा, साखर, संपृक्त मेद आणि सोडियम यांचे पाप एका बाजूस; फळे, दाणे, कडधान्ये, भरडधान्ये, तंतू आणि प्रथिने यांचे पुण्य दुसऱ्या बाजूस; वजाबाकी करून अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. या वजाबाकीचा सर्वाधिक लाभ कोणाला होणार? ज्या मालात साखरेसोबत मूठभर दाणे टाकता येतात त्याला, म्हणजे नेमक्या या बारला! मऊरानीपूरच्या शेतकऱ्याने पिकवलेला दाणा कंपनीच्या साखरेचे पाप धुण्यासाठी वापरला जाईल. पोटात गेल्यावर मात्र दाण्यातील प्रथिने साखरेचा एक ग्रॅमही वजा करत नाहीत.

चिलीने २०१६ साली आणि मेक्सिकोने २०२० साली असल्या मालावर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला. आपल्या सरकारलाही इशारा छापण्याची विद्या अवगत आहे. २००९ पासून विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावर चित्रमय इशारा आहे. विडी घरोघरी गरीब बाया वळतात. तिच्यावर कर्करोगाचे चित्र छापताना कोणाला वजाबाकी सुचली नाही, आणि ते योग्यच झाले. मग साखरेच्या कारखानदारीपुढेच तारे का? ९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर तज्ज्ञ समितीच्या शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली. जुलैमध्ये ती आणखी तीन महिन्यांनी वाढली. याउलट, चॉकलेट व बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचे काम २२ सप्टेंबर २०२५ रोजी चोख पार पडले.

“ग्राहकाने वाचून घ्यावे,” हा कंपन्यांचा ठरलेला युक्तिवाद. काय वाचावे आणि कोणत्या भाषेत? २०२० च्या लेबल विनियमानुसार सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. अन्य भाषा ऐच्छिक. यातील ‘किंवा’ कंपनीच्या सोयीचा आहे, त्यामुळे हिंदी भाषक मऊरानीपूरच्या दुकानातही मागची यादी इंग्रजीत छापलेली चालते. परभणीच्या शेतमजूर स्त्रीला तर आपल्या मुलाच्या हातातील खाऊ कशाचा आहे हे मराठीत छापून मागण्याचा अधिकारच या विनियमाने दिलेला नाही. साखरेचा इशारा दर्शनी भागावर, ठळक अक्षरांत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत असावा, ही मागणी ताऱ्यांचा मसुदा कायम होण्यापूर्वीच प्राधिकरणाच्या दारावर नेली पाहिजे.