घरगुती सिने-कॅमेरा आणि आपला इतिहास

इतिहासाचा अभ्यासक कागदपत्रे वाचतो, नाणी पारखतो, शिलालेखांचे ठसे घेतो. घरगुती सिने-कॅमेऱ्याकडे मात्र तो इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहतो. असल्या जुन्या वस्तू म्हणजे हौशी श्रीमंतांचा छंद, अशी आपलीही समजूत असते. माझे मत निराळे आहे. एखादा कॅमेरा कोणत्या साली बनला, कोणाच्या घरी पोहोचला आणि कोणाच्या घरी पोहोचू शकला नाही, याचा शोध घेणे हे सामाजिक इतिहासाचेच काम आहे.

अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने 1923 साली ‘सिने-कोडॅक’ हा कॅमेरा बाजारात आणला. त्याआधी चित्रपटासाठी प्रामुख्याने वापरली जाणारी 35 मिलिमीटर रुंदीची नायट्रेट फिल्म महाग असे आणि चटकन पेट घेई. कोडॅकने घरगुती वापरासाठी 16 मिलिमीटरची सुरक्षित फिल्म काढली. कॅमेऱ्यात टिपलेली पट्टीच प्रक्रियेनंतर पडद्यावर दाखवता येई, त्यामुळे वेगळी प्रत काढण्याचा खर्च वाचे. या पहिल्या कॅमेऱ्याचा दांडा हाताने सेकंदाला दोन फेरे या गतीने फिरवावा लागे आणि शंभर फुटांचे रीळ चार मिनिटांत संपे.

कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई व पडदा अशा संचाची किंमत होती 335 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे एक हजार रुपये. सोलापूरच्या जुन्या मिलमधील साध्या कामगाराला एवढी रक्कम कमवायला काही वर्षे लागली असती. साहजिकच हिंदुस्थानात हे यंत्र संस्थानिक, धनिक आणि इंग्रज अधिकारी यांच्या घरी गेले. इंग्रज कुटुंबांनी येथे काढलेल्या घरगुती चित्रफिती केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने जपून ठेवल्या आहेत. अशा चित्रणात घरचा नोकर दिसला, तरी बहुधा चौकटीच्या कडेला दिसतो. कॅमेरा ज्याच्या हाती, त्याचेच घर चौकटीच्या मध्यभागी असते.

याच काळात आपल्या सोलापुरात काय घडत होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 रोजी येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सिने-कोडॅक बाजारात येऊन तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. निवासी शिक्षणाची जी परंपरा आपले विद्यालय पुढे चालवते, तिचे एक मूळ त्या वसतिगृहात आहे. जिथे दोन वेळचे जेवण, कंदील आणि पुस्तके यांची सोय करणे हाच मोठा पराक्रम होता, तिथे हजार रुपयांचा कॅमेरा आणणार कोण?

या प्रश्नाचे मोल 7 डिसेंबर 1956 रोजी कळून आले. मुंबईत बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला जनसागर लोटला होता. मुंबई ही चित्रपटांची राजधानी. तेथे कॅमेऱ्यांची वाण नव्हती. तरीही तो प्रसंग चित्रबद्ध व्हावा म्हणून नामदेवराव व्हटकर या आपल्याच माणसाला आपला छापखाना गहाण ठेवावा लागला. आज ती दृश्ये पाहताना डोळे भरून येतात. परंतु त्यामागे एका माणसाने आपली उपजीविका पणाला लावली होती, हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

जुना कॅमेरा हाती आला, तर त्याचा काळ ठरवण्याची साधने आहेत. साधारण 1940 नंतरच्या कोडॅकच्या अनेक लेन्सांवर क्रमांकाआधी दोन इंग्रजी अक्षरे आढळतात. ‘कॅमेरॉसिटी’ या शब्दाच्या इंग्रजी लेखनातील दहा अक्षरांना अनुक्रमे एक ते नऊ आणि शून्य असे अंक दिलेले असत. त्यानुसार ‘ई’ आणि ‘ओ’ म्हणजे 46, अर्थात 1946. कोडॅक फिल्मच्या कडेवरील वर्तुळ, चौकोन, त्रिकोण या खुणाही तिचे निर्मितीवर्ष सांगतात. मात्र त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून चित्रातील पेहराव, वाहने आणि दुकानांच्या पाट्या यांचा आधार घ्यावा लागतो. कंपनीच्या खुणा वर्ष सांगतील. मालक कोण आणि चौकटीतला माणूस कोण, हे मात्र माणसांनाच विचारावे लागते. ती माणसे गेली की तो पुरावाही जातो.

आपल्या वस्तीत चलच्चित्र खऱ्या अर्थाने आले ते व्हिडिओ कॅसेटच्या काळात. मंगल परिणय, भीमजयंतीची मिरवणूक, विहाराचे उद्घाटन, शाळेचे स्नेहसंमेलन हे सारे त्या काळ्या डब्यांत आहे. त्यांत हयात नसलेले आपले आजी-आजोबा चालतात, बोलतात, जयघोष करतात. या कॅसेटांना मी संस्थानिकांच्या फितींपेक्षा कमी मोलाच्या मानत नाही. परंतु आपण त्या पत्र्याच्या माळ्यावर टाकल्या आहेत आणि सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. चुंबकीय फितीला बुरशी लागते. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की तिचा ऱ्हास सुरू झाला असे समजावे. अशी फिल्म घरच्या प्रोजेक्टरवर चालवू नये. ती तुटण्याचा संभव असतो.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांना माझी विनंती आहे. माळ्यावरची पेटी खाली उतरवा. प्रत्येक कॅसेटवर प्रसंग, साल, गाव आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहा. हे काम घरातील ज्येष्ठ व्यक्ती शेजारी बसलेली असतानाच करा. जाणकाराकडून तिची डिजिटल प्रत करून घ्या आणि एक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवण्यास द्या. विद्यालयानेही त्यासाठी एक कपाट आणि एक नोंदवही राखून ठेवावी. इतिहासाच्या तासाला मुलांनी आपल्याच आजीची मिरवणूक पाहिली आणि तिच्या हातातील निळ्या झेंड्याचे साल शोधून काढले, तर त्याहून चांगला धडा कोणता?

व्हटकरांना छापखाना गहाण ठेवावा लागला होता. आपल्याला फक्त एक पेटी उघडायची आहे.

जय भीम!