प्रेरणा ईश्वराची, कर्तृत्व मानवाचे

बायबल ईश्वरप्रेरित मानले की त्यातील मानवी कर्तृत्व गौण ठरते, हा समज ग्रंथाच्याच साक्षीपुढे टिकत नाही. आपण मुळापासून शोध घेऊन अनुक्रमाने लिहीत आहोत, असे लूक शुभवर्तमानाच्या आरंभीच नमूद करतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल प्रभूची आज्ञा आणि स्वतःचे मत यांत स्पष्ट भेद करतो. रोमकरांस पाठविलेल्या पत्राचा लेखनिक तर्तियस तर स्वनामे वाचकांना नमस्कार कळवितो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली या लेखकांना खरे ग्रंथकर्ते मानले, ते म्हणूनच यथार्थ होय. लेखकाची शैली व मर्यादा पुसून टाकल्या, तर प्रेरणा कोणाच्या वाणीतून प्रकटली हा प्रश्नच उरत नाही. श्रद्धावान असो वा नसो, अभ्यासकाने तो सोडता कामा नये.